इंग्रजी ॲडजेक्टिव्ह: मराठी माणूस नेमका कुठे घसरतो आणि कसं सावरायचं

नाशिकच्या सिडकोत संध्याकाळी स्पोकन इंग्लिशची बॅच घेते मी. अंबड-सातपूरच्या कंपन्यांतली मुलं येतात, दहावीतले येतात, घरी मुलांचा अभ्यास घेता यावा म्हणून त्यांच्या आया पण येतात, आणि कुणाचीही वही उघडा, विशेषणाच्या चुका जवळपास त्याच त्या. त्याचं कारण सोपं आहे, आपलं डोकं मराठीत विचार करतं आणि मराठीतलं विशेषण वागतं एका पद्धतीने, इंग्रजीतलं वागतं बरोब्बर उलट्या पद्धतीने.

बघा ना, मराठीत चांगला मुलगा, चांगली मुलगी, चांगलं पोरगं, चांगल्या मुली. लिंग बदललं, वचन बदललं की विशेषण बदललं. पण तुलना करायची वेळ आली की तेच विशेषण जागचं हलत नाही, "राजूपेक्षा चांगला", "सगळ्यात चांगला", म्हणजे सगळं काम "पेक्षा" आणि "सगळ्यात" करतात, "चांगला" आपला तसाच. इंग्रजीत गुड बॉय, गुड गर्ल, गुड चिल्ड्रन, काही म्हणजे काही बदलत नाही, पण तुलना आली रे आली की गुडचं बेटर, बेटरचं बेस्ट. शाळेत विकारी-अविकारी विशेषण शिकलो होतो आठवतंय का? लाल, सुंदर, गोड ही बदलत नाहीत ती अविकारी. तर लिंग-वचनाच्या बाबतीत इंग्रजीतलं विशेषण "लाल"सारखं धरून चालायचं, आणि तुलनेच्या बाबतीत मराठी पूर्ण विसरायचं. पुढचा सगळा लेख याच दोन गोष्टींभोवती फिरतो.

आधी ओळखायचं कसं

नामाला प्रश्न विचारायचा: कसं, कोणतं, किती? "आय बॉट थ्री बिग रेड ओनियन्स." कांदे किती, थ्री. कसे, बिग. कुठल्या रंगाचे, रेड. तिन्ही ॲडजेक्टिव्ह झाली. शब्दाच्या शेपटावरून पण अंदाज येतो, यूजफुल, होपलेस, फेमस, स्पायसी, लोकल, कम्फर्टेबल असे शब्द बहुतेक वेळा ॲडजेक्टिव्हच असतात. पण शेपटावर पूर्ण विश्वास नको, वाक्यात तो शब्द काय काम करतोय ते बघायचं. "अ फास्ट बस" मध्ये फास्ट हे बसबद्दल सांगतं म्हणून ॲडजेक्टिव्ह, "द बस गोज फास्ट" मध्ये जाण्याबद्दल सांगतं म्हणून ॲडव्हर्ब, म्हणजे क्रियाविशेषण.

आता एक गंमत, इंग्रजीत साधं नाम पण दुसऱ्या नामाच्या आधी बसून विशेषणाचं काम करतं, आणि तिथे ते सहसा एकवचनी राहतं. लासलगावला ओनियन मार्केट आहे, "ओनियन्स मार्केट" नाही, कांदे लाखो असले तरी. तसंच ग्रेप फार्म, शू शॉप, व्हेजिटेबल मार्केट. हाच नियम आकडा जोडला तरी लागू होतो आणि इथे तर भले भले चुकतात. नाशिकरोडच्या प्रेसमध्ये नोटा छापल्या जातात हे आपण अभिमानाने सांगतो आणि वर "टेन रुपीज नोट" म्हणतो! "अ टेन-रुपी नोट" पाहिजे. "अ टू-आवर जर्नी", "अ फाइव्ह-इयर-ओल्ड बॉय", सगळीकडे एस गायब. पण हेच नामाच्या आधी न येता शेवटी आलं तर एस परत येतो, "द बॉय इज फाइव्ह इयर्स ओल्ड".

एस लावायचाच नाही हा नियम "पुअर"लाही लागतो. गरीब लोक म्हणजे "द पुअर", "पुअर्स" नाही, आणि क्रियापद मात्र अनेकवचनी, "द पुअर आर सफरिंग". अपवाद म्हणाल तर दिस-दीज आणि दॅट-दोज, ते वचनाप्रमाणे बदलतात, "दीज ग्रेप्स", "दॅट टेंपल". एवढं लक्षात ठेवा, बाकी कुठे एस चिकटवू नका.

कुठे बसवायचं

दोन जागा. एक तर नामाच्या आधी, "अ क्राउडेड बस", किंवा इज-आर-वॉजसारख्या क्रियापदानंतर, "द बस इज क्राउडेड". बहुतेक ॲडजेक्टिव्हला दोन्ही जागा चालतात, काहींना एकच. आपल्या मेन रोडचंच घ्या, "द मेन रोड" म्हणता येतं पण "द रोड इज मेन" असं कधीच नाही. उलट अस्लीप, अफ्रेड, अलोन, अलाइव्ह, अवेक हे शब्द नामाच्या आधी बसत नाहीत, "द बेबी इज अस्लीप" बरोबर, "द अस्लीप बेबी" चूक, तिथे "द स्लीपिंग बेबी" म्हणायचं.

इज-आर सोडून आणखी काही क्रियापदं आहेत ज्यांच्यानंतर ॲडजेक्टिव्ह येतं: लुक, फील, टेस्ट, स्मेल, साउंड, सीम, बिकम. क्रियापदानंतर एलवायवाला शब्दच लावायचा असं शाळेत इतकं घोकलेलं असतं की मग "यू लुक ब्यूटिफुली" असं लिहिलं जातं. यावर सोपी टेस्ट आहे. त्या क्रियापदाच्या जागी इज किंवा आर घालून बघा, अर्थ लागला तर ॲडजेक्टिव्ह. "यू लुक ब्यूटिफुल" च्या जागी "यू आर ब्यूटिफुल", लागला अर्थ. "द मिसळ टेस्ट्स गुड", "द मिसळ इज गुड", लागला. पण "शी टेस्टेड द रस्सा केअरफुली" मध्ये "शी इज केअरफुली" म्हणून काही होत नाही, इथे तिने चव कशी घेतली ते सांगायचंय, म्हणून ॲडव्हर्ब.

एलवायचा मोह एका ठिकाणी फार महागात पडतो. इंटरव्ह्यूमध्ये "मी खूप मेहनत करतो" सांगायचं म्हणून पोरं "आय वर्क हार्डली" म्हणतात. हार्डली म्हणजे जवळजवळ नाहीच! समोरचा एचआरवाला हसू दाबत बसतो. "आय वर्क हार्ड" किंवा "आय ॲम हार्डवर्किंग" म्हणा. आणि खरं सांगायचं तर सिन्सिअर, हार्डवर्किंग, डेडिकेटेड ही तीन विशेषणं ओळीने म्हणून दाखवण्यापेक्षा तुम्ही कुठल्या मशीनवर काय काम केलं ते एका वाक्यात सांगितलंत तर जास्त पटतं, पण तो वेगळा विषय.

"मला" वरून होणारी चूक पण इथेच सांगते. "मला उद्या यायला कठीण आहे" याचं "आय ॲम डिफिकल्ट टु कम टुमारो" होतं, म्हणजे मी माणूसच कठीण आहे असा अर्थ निघतो. "इट इज डिफिकल्ट फॉर मी टु कम टुमारो" असं वाक्य उचला. कन्व्हीनियंट, पॉसिबल, इम्पॉसिबल सगळ्यांना हेच, "इट इज" ने सुरुवात, माणूस नंतर "फॉर मी" म्हणून.

तुलना: इथे वेळ द्या

सगळ्यात जास्त चुका इथे, आणि दहावीच्या पोरांचा डिग्रीचा, म्हणजे तुलनेचं वाक्य तीन तऱ्हेने लिहायचा प्रश्न पण इथेच अडकतो, म्हणून जरा सावकाश.

"मुंबई नाशिकपेक्षा मोठी आहे." शब्दाला शब्द ठेवला की "मुंबई इज बिग दॅन नाशिक" होतं, कारण मराठीत "मोठी" बदलत नाही. इंग्रजीत दॅन दिसला की आधीच्या ॲडजेक्टिव्हकडे बोट ठेवायचं आणि बघायचं की ते बदललंय का. छोटा, एका दमात म्हणता येणारा शब्द असेल तर ईआर आणि ईएसटी: टॉल, टॉलर, टॉलेस्ट. बिग, हॉट, थिनसारख्या शब्दांचं शेवटचं अक्षर डबल होतं, हॉटच्या स्पेलिंगमध्ये हॉटर लिहिताना टी दोनदा येतो. शेवटी वाय असेल तर त्याचा आय होतो, हॅपी-हॅपियर, स्पायसी-स्पायसियर. लांब शब्द असेल तर मोअर आणि मोस्ट: मोअर ब्यूटिफुल, मोअर एक्स्पेन्सिव्ह. मधल्या लांबीच्या शब्दांत थोडा गोंधळ आहे, सिंपल-सिंपलर, नॅरो-नॅरोअर चालतं पण फेमस, मॉडर्न, केअरफुल यांना मोअरच लागतं. शंका आली तर डिक्शनरी ॲपमध्ये बघायचं, अंदाज मारायचा नाही. गुड-बेटर-बेस्ट, बॅड-वर्स-वर्स्ट, लिटल-लेस-लीस्ट, मच किंवा मेनी-मोअर-मोस्ट, हे चार पाठच करा, तिथे नियम वगैरे काही नाही.

मग दुसरी चूक, दोन्ही एकदम लावायचे: "मोअर बेटर", "मोअर हॉटर". एकदा ईआर लागला की मोअरला सुट्टी. आणि "व्हेरी बेटर" पण नाही. बरंच चांगलं म्हणायचं तर "मच बेटर" किंवा "फार बेटर", किंचित चांगलं तर "अ लिटल बेटर".

तिसरी चूक मला सगळ्यात आवडते कारण ती मराठीत कानाला बिलकुल खटकत नाही. "नाशिकची द्राक्षं सांगलीपेक्षा गोड असतात." सांगलीकरांनी रागावू नये, वाक्य फक्त उदाहरणाला आहे. याचं "नाशिक्स ग्रेप्स आर स्वीटर दॅन सांगली" केलं तर द्राक्षांची तुलना थेट सांगली गावाशी झाली, गाव कोण चाखून बघणार! "स्वीटर दॅन सांगलीज" म्हणा किंवा "दॅन द ग्रेप्स फ्रॉम सांगली". दॅनच्या दोन्ही बाजूंना एकाच जातीची वस्तू पाहिजे, द्राक्ष तर द्राक्ष, हवा तर हवा, पगार तर पगार.

भावंडांबद्दल बोलताना "माय ब्रदर इज एल्डर दॅन मी" हे आपल्याकडे सर्रास ऐकू येतं. एल्डर फक्त नामाच्या आधी, "माय एल्डर ब्रदर". दॅन आला की ओल्डर, "ही इज ओल्डर दॅन मी". आणि सीनियर, ज्युनियर, सुपीरियर, इन्फीरियर यांना दॅन लागतच नाही, टु लागतो: "शी इज सीनियर टु मी".

आता डिग्री. परीक्षेत एकच गोष्ट तीन तऱ्हेने सांगायला लावतात, आणि मुलं फॉर्म्युला पाठ करून गोंधळतात, त्यापेक्षा खरी गोष्ट डोळ्यासमोर घ्या. महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर कळसुबाई, १६४६ मीटर, आपल्या जिल्ह्याच्या हद्दीवरच आहे, इगतपुरीच्या बाजूने दिसतं. त्याच्याखालोखाल साल्हेर, १५६७ मीटर, बागलाण तालुक्यात. तर सुपरलेटिव्ह: "कळसुबाई इज द हायेस्ट पीक इन महाराष्ट्र." कम्पॅरेटिव्ह: "कळसुबाई इज हायर दॅन एनी अदर पीक इन महाराष्ट्र." पॉझिटिव्ह: "नो अदर पीक इन महाराष्ट्र इज ॲज हाय ॲज कळसुबाई." दोन्हीकडे अदर का? कारण कळसुबाई पण महाराष्ट्रातलंच शिखर आहे ना, अदर काढलंत तर कळसुबाई स्वतःपेक्षाच उंच ठरेल. आणि एनी अदरनंतर पीक एकवचनी, मार्क इथेच जातात.

साल्हेरचं वाक्य वेगळं होतं कारण तो एक नंबरला नाही, उंच शिखरांपैकी एक आहे. "साल्हेर इज वन ऑफ द हायेस्ट पीक्स इन महाराष्ट्र", मग "साल्हेर इज हायर दॅन मोस्ट अदर पीक्स इन महाराष्ट्र", मग "व्हेरी फ्यू पीक्स इन महाराष्ट्र आर ॲज हाय ॲज साल्हेर". तिन्हीकडे पीक्सला एस आहे बघा. वन ऑफनंतर नाम नेहमी अनेकवचनी, "वन ऑफ द हायेस्ट पीक" ही चूक मी वर्तमानपत्राच्या जाहिरातीत पण बघितलीय. सुपरलेटिव्हच्या आधी द विसरायचा नाही, आणि जागा असेल तर इन, "इन महाराष्ट्र", तीन-चार जणांतला असेल तर ऑफ, "द टॉलेस्ट ऑफ द थ्री". गोदावरीसाठी "द सेकंड लाँगेस्ट रिव्हर इन इंडिया" असं म्हणता येतं, सेकंड लावून पण सुपरलेटिव्ह चालतो.

बोअर झालेला आणि बोअर करणारा

"आय ॲम बोअरिंग." वर्गात हे वाक्य आलं की मी विचारते, खरंच? कारण याचा अर्थ मी लोकांना पिडतो. कंटाळा तुम्हाला आला असेल तर बोअर्ड, ईडीवाला. कंटाळा ज्याच्यामुळे आला तो बोअरिंग, आयएनजीवाला. "द लेक्चर इज बोअरिंग, सो आय ॲम बोअर्ड." भावना माझी तर ईडी, भावना देणारी वस्तू तर आयएनजी. इंटरेस्टेड-इंटरेस्टिंग, कन्फ्यूज्ड-कन्फ्यूजिंग, टायर्ड-टायरिंग, एक्सायटेड-एक्सायटिंग सगळे याच रांगेतले. नोकरीच्या मेलमध्ये "आय ॲम इंटरेस्टिंग इन धिस जॉब" लिहिलं असेल तर मेल पाठवायच्या आधी दुरुस्त करा. इंटरेस्टेडला इन लागतो, तसे बाकीचे पण जोडीने पाठ करून टाका: गुड ॲट, अफ्रेड ऑफ, फेमस फॉर, डिफरंट फ्रॉम, मॅरीड टु. मॅरीड विथ नाही.

एका नामाला चार विशेषणं लागली तर

क्रम असा: आधी मत, मग साइज, मग वय, मग रंग, मग कुठलं, मग कशाचं बनलंय. येवल्याहून आलेल्या पैठणीबद्दल इंग्रजीत सांगायचं तर "अ लव्हली न्यू पर्पल सिल्क पैठणी". लव्हली हे माझं मत, न्यू वय, पर्पल रंग, सिल्क कशाची. "सिल्क पर्पल न्यू लव्हली" म्हणालात तर समोरच्याला कळेल पण कान टवकारेल. काळाराम मंदिर काळ्या पाषाणातलं, म्हणून "अ ब्यूटिफुल ओल्ड ब्लॅक स्टोन टेंपल". आकारमान आणि वयात गोल-चौकोनी कुठे घालायचं यावर पुस्तकापुस्तकांत फरक आहे, त्यात फार अडकू नका. चार-चार विशेषणं एका नामाला खऱ्या बोलण्यात क्वचितच लागतात, दोन पुरतात. लक्षात ठेवायचं ते इतकंच की मत सगळ्यात लांब आणि कशाचं बनलंय ते नामाला चिकटून.

फ्यू आणि लिटलचं पटकन उरकते. मोजता येतं तिथे फ्यू, येत नाही तिथे लिटल. आधी अ असेल तर "थोडं आहे", अ नसेल तर "नसल्यातच जमा". "देअर इज अ लिटल वॉटर" म्हणजे भागेल, "देअर इज लिटल वॉटर" म्हणजे टँकर बोलवा.

आता हे सगळं एका ठिकाणी बघू

बॅचमध्ये सरावाला मी एक मिसळीचा रिव्ह्यू देते, मुद्दाम चुका घालून बनवलेला:

"व्हेरी व्हेरी नाइस मिसळ. हॉट हॉट रस्सा इज टू टेस्टी. पापड टेस्ट क्रिस्पीली. धिस इज वन ऑफ द बेस्ट प्लेस इन नाशिक. मोअर चीपर दॅन अदर हॉटेल. वेटिंग वॉज टायर्ड."

एकेक सोडवा. हॉट हॉट हे आपलं "गरम गरम", मराठीत दोनदा म्हटलं की चव वाढते, मोठी मोठी घरं, छान छान साड्या, पण इंग्रजीत विशेषण असं जोडीने येत नाही. गरमागरमसाठी त्यांच्याकडे "पायपिंग हॉट" आहे. टू म्हणजे गरजेपेक्षा जास्त, "टू स्पायसी" म्हणजे खाववेना इतकी तिखट, तेव्हा कौतुकाला टू टेस्टी नको, रिअली टेस्टी म्हणा. क्रिस्पीलीची इज टेस्ट आपण वर केली. वन ऑफनंतर प्लेसेस. मोअर काढा, चीपर पुरे, आणि अदर हॉटेलच्या जागी मोस्ट अदर हॉटेल्स. वेटिंगने मला दमवलं, वेटिंग स्वतः दमलेलं नाही, म्हणून टायरिंग.

झालं ते असं: "द मिसळ वॉज रिअली गुड. द रस्सा वॉज पायपिंग हॉट अँड द पापड वॉज क्रिस्पी. धिस इज वन ऑफ द बेस्ट प्लेसेस इन नाशिक, अँड इट इज चीपर दॅन मोस्ट अदर हॉटेल्स. द लाँग वेट वॉज अ लिटल टायरिंग."

माझी एक अट अजून असते, नाइस हा शब्द बंद. नाइस मिसळ, नाइस साडी, नाइस सर, नाइस हवा, ऐकणाऱ्याला यातून काही कळत नाही. काळ्या मसाल्याची मिसळ असेल तर "डार्क अँड स्पायसी", दही आंबट असेल तर "सावर", कांदा "क्रंची". दिसतंय, लागतंय, ऐकू येतंय तो शब्द शोधायचा, एवढं केलं की व्हेरी आपोआप कमी होतो.

घरी सरावासाठी फोनमधला कुठलाही स्वतः काढलेला फोटो घ्या, रामकुंडावरची गर्दी असो की लग्नातला ग्रुप फोटो, आणि पाच वाक्यं लिहा. दोन साधी, एक नामाच्या आधी विशेषण असलेलं आणि एक इजनंतरचं. एक दॅनचं. एक द आणि ईएसटीचं. एक बोअर्ड-बोअरिंग जातीचं. लिहून झालं की पेन्सिलने प्रत्येक ॲडजेक्टिव्हला गोल करा, मग तपासा: चुकून एस चिकटलाय का, दॅनच्या आधीचा शब्द बदललाय का, वन ऑफनंतरचं नाम अनेकवचनी आहे का. मग मोठ्याने वाचा. डिग्रीवाल्यांनी त्या दॅनच्या वाक्याची उरलेली रूपं पण लिहून काढावीत, आणि एकदम सुपरलेटिव्हवर उडी न मारता आधी ॲज-ॲजचं वाक्य जमतंय का बघावं.